एका खोलीचा अर्ज

२०२४ सालची आषाढ पौर्णिमा रविवारी आली होती, त्यामुळे विहार भरले होते. वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झाले, भंतेजींनी वर्षावासाचे महत्त्व सांगितले आणि खिरीचे वाटप सुरू असताना आमची भाची जवळ येऊन बसली. ती टिटवाळ्याला सासरी असते. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकविते. पीएच.डी. होऊन तीन वर्षे झाली होती, पण कायम नोकरीचा पत्ता नव्हता. पिशवीतून तिने चार कागद काढले आणि म्हणाली, "मामा, एक अर्ज आहे. बघता का जरा?"

अर्ज म्हटला की आमचा हात आपोआप चष्म्याकडे जातो. वीस वर्षे आम्ही कारकुनी करतो. कचेरीतून सुटलो की वस्तीतल्या लोकांचे जातीचे दाखले, पडताळणीचे कागद, रेशनकार्ड, निराधार योजना, पोरांच्या शिष्यवृत्त्या, हेच आमचे समाजकार्य. अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत माणसांपेक्षा अर्जांची वर्दळ जास्त. लोक म्हणतात, दादांनी भरलेला अर्ज परत येत नाही. वाचकहो, हा अभिमान आम्हाला कसा नडला, तेच आज सांगायचे आहे.

हा अर्ज निवासी संशोधन फेलोशिपचा होता. संस्था कोणती, ते निकाल लागेपर्यंत सांगत नाही. आम्हाला वाटले, बार्टीच्या फेलोशिपसारखेच काही असेल. ती आपल्या मुलामुलींना पीएच.डी. करताना मिळते. मुलगा आपल्या विद्यापीठात, आपल्या घरी राहून अभ्यास करतो. हे निराळे निघाले. ज्याची पीएच.डी. झाली आहे किंवा ज्याने तेवढ्या तोलाचे लेखन केले आहे, अशा माणसाला संस्था आपल्याकडे बोलावते. राहायला खोली देते, ग्रंथालय देते, दरमहा ठरावीक रक्कम देते आणि म्हणते, आता इथे बसा आणि तुमचे पुस्तक लिहा. तास घ्यायचे नाहीत, पेपर तपासायचे नाहीत. मधूनमधून इतर अभ्यासकांपुढे आपले काम वाचून दाखवायचे, त्यांचे प्रश्न झेलायचे आणि मुदत संपताना हस्तलिखित हाती द्यायचे.

आपल्या देशात अशी सर्वांच्या ओळखीची जागा म्हणजे शिमल्याची भारतीय उच्च अध्ययन संस्था. इंग्रजांच्या व्हाइसरॉयसाठी १८८८ साली बांधून झालेला तो राजवाडा. १९४५ साली तिथेच सिमला परिषद भरली होती आणि अनुसूचित जातींच्या वतीने एन. शिवराज त्या परिषदेला गेले होते. स्वातंत्र्यानंतर तो राष्ट्रपतींच्या ताब्यात आला आणि १९६५ साली राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते तिथे ही संस्था सुरू झाली. अमेरिकेत प्रिन्स्टनला १९३० सालापासून अशी संस्था आहे. आइनस्टाइन तिथे होते म्हणून ती विज्ञानासाठी प्रसिद्ध, पण इतिहासाचे अभ्यासकही तिथे राहून काम करतात. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, कला या विषयांनाही अशी जागा लागते, हे तिकडच्या लोकांनी केव्हाच ओळखले.

आम्ही मात्र कारकुनी डोक्याने विचारले, "म्हणजे नुसते बसून राहायचे पैसे देतात?"

भाची हसली. "मामा, आत्ताच भंतेजींनी काय सांगितलं?"

आम्ही निरुत्तर झालो. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी चारिका थांबवून एका जागी राहायचे, ध्यान करायचे, धम्माचे चिंतन करायचे, आणि त्यांच्या निवाऱ्याची व भोजनाची काळजी उपासकांनी घ्यायची. अनाथपिंडिकाने जेतवन दिले ते याचसाठी. इत्सिंग लिहून गेला आहे की नालंदा महाविहाराच्या खर्चासाठी दोनशेहून अधिक गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते. दोनशे गावे राबत होती तेव्हा भिक्खू निवांत वाचत होते! आपल्या घरची ही गोष्ट आणि आम्ही तिला फुकटचे पैसे म्हणत होतो.

बाबासाहेबांचीच आठवण काढा. परळच्या चाळीतली एक खोली. तिच्यातच चूल, तिच्यातच बिऱ्हाड. रामजीबाबा भीमाला लवकर निजवीत, स्वतः जागत बसत आणि रात्री दोन वाजता त्याला उठवून मग आपण अंग टाकीत. घरात झोपायची जागाच पाळीपाळीने होती. १९१३ साली सयाजीरावांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि न्यूयॉर्कच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेनांबरोबर ते राहू लागले. रात्री दोनपर्यंत वाट न बघता दिवा लावता येईल अशी जागा त्यांना तिथे मिळाली. पुढे राजगृह बांधताना आधी पुस्तकांच्या जागेचा विचार झाला, तो काही हौसेने नव्हे.

विहारात हे सगळे छान वाटले. घरी आलो आणि खरा पेच पुढे आला. फेलोशिप निवासी, म्हणजे वर्षभर बाहेरगावी. आणि भाचीला सहा वर्षांचा मुलगा.

आमची आक्का, म्हणजे भाचीची आई, ऐकताच म्हणाली, "पोराला टाकून वर्षभर? तिकडं थंडीत? आणि तिथं तिला आहे कोण आपलं?" विहीणबाई तर काहीच बोलल्या नाहीत. त्या भांडी घासत राहिल्या आणि भांड्यांचा आवाज तेवढा वाढला. जावईबापू बस डेपोत मेकॅनिक आहेत. ते म्हणाले, "मी शाळेत सोडीन, डबा करीन. रात्रपाळी बदलून घेईन. पण आईला तुम्ही समजवा."

आम्ही गप्प राहिलो. खरे सांगायचे तर गप्प राहणे हेच आमचे मत होते. दर ३ जानेवारीला सावित्रीमाईंवर आणि ७ फेब्रुवारीला रमाईंवर आम्ही माईकवर बोलतो. मुलींना शिकवा म्हणतो. पण शिकून मुलगी एक दिवस बॅग भरून अभ्यासाला निघेल, एवढा लांबचा विचार आमच्या भाषणात कधी नव्हता. आमच्या पत्नीने भाकरी थापता थापता विचारले, "जावईबापूंना दोन वर्षांसाठी दुबईची नोकरी लागली असती तर तुम्ही काय केलं असतं?" कुणी उत्तर दिले नाही, तेव्हा तीच म्हणाली, "पेढे वाटले असते. आणि पोराला कोण बघणार हे तेव्हा कुणी विचारलं नसतं."

त्या रात्री अर्ज भरायचे ठरले.

शिफारसपत्रे दोन हवी होती. एका वजनदार प्राध्यापकांकडे भाची चार वेळा गेली. नाव सांगत नाही. त्यांनी आधी कायम नोकरीचे बघा म्हणून सल्ला दिला, तिथे ओळखीचेच लागतात असेही सांगितले, आणि पत्र काही दिले नाही. दुसरे पत्र तिच्या प्रबंधाचे परीक्षण केलेल्या बाईंकडे मागितले. त्यांची ओळख मौखिक परीक्षेच्या दिवसापुरतीच. त्यांनी चौथ्या दिवशी पत्र पाठविले आणि त्यात प्रबंधातले कोणते प्रकरण का चांगले उतरले आहे, ते लिहिले. तेव्हा आम्हाला एवढे कळले, की ज्याने आपले काम वाचले आहे त्याच्याकडे जावे, पदाच्या मागे लागू नये. पहिल्या जागी तिच्या मार्गदर्शकांचे पत्र जोडले.

आता राहिला संशोधन प्रस्ताव. तुम्ही काय करणार, ते चार-पाच पानांत लिहायचे. भाचीचा विषय आमच्या गायन पार्ट्यांच्या वह्या. वस्तीवस्तीत भीमगीतांच्या पार्ट्या होत्या आणि प्रत्येक पार्टीची हाताने लिहिलेली एक तरी वही असे, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. प्रस्ताव लिहायला आम्ही आपण होऊन पुढे झालो. भाषेवर आमची हुकूमत आहे, असा आमचा समज होता. एका रविवारी बसून लिहूनही काढला. हजारो वर्षांच्या गुलामगिरीपासून सुरुवात केली, प्रस्थापितांनी आमच्या कलावंतांची कशी उपेक्षा केली ते सांगितले आणि या थोर परंपरेवर संशोधन होणे ही काळाची गरज आहे, असा शेवट केला. आम्हाला स्वतःलाच वाचून गहिवरून आले. भाचीने दोनदा काही सुचवू पाहिले. आम्ही म्हणालो, "तू बघ गं, मी सांगतो तसं कर."

जानेवारीत उत्तर आले. दोन ओळी. आपली निवड होऊ शकली नाही.

आम्ही रागावलो. "आडनाव बघितलं असणार," असे म्हणालो. भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "असेलही मामा. ते आपल्याला कधी कळणार नाही. पण कागदात काय चुकलं ते तरी बघू." आणि तिने आमचाच प्रस्ताव आम्हाला मोठ्याने वाचून दाखविला. समोर सभा नव्हती, टाळ्या नव्हत्या, दोन खोल्यांत एक पंखा फिरत होता. पान उलटता उलटता ती थांबली आणि म्हणाली, "यात प्रश्न कुठे आहे?"

तक्रार होती, अभिमान होता, पण प्रश्न नव्हता. मला अमुक ठाऊक नाही आणि ते मला शोधायचे आहे, असे एकही वाक्य त्या पाच पानांत नव्हते. ज्याला सगळे आधीच ठाऊक आहे, त्याला वर्षभर खोली कशाला द्यायची? जातीचा दाखला मागताना आपण कोण आहोत ते सिद्ध करायचे असते. या अर्जात आपल्याला काय समजून घ्यायचे आहे, ते सांगायचे होते. आम्ही जन्मभर पहिल्या जातीचे अर्ज भरले, आणि हाही तसाच भरला.

एप्रिलमध्ये जयंतीची तयारी सुरू झाली. जुना बॅनर काढायला आम्ही माळ्यावर चढलो आणि वडिलांची पत्र्याची पेटी हाताला लागली. वडील परळच्या गिरणीत होते आणि गायन पार्टीत पेटी वाजवीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरणी सुटली, पार्टी मोडली आणि आम्ही अंबरनाथला आलो. आम्ही तेव्हा अगदी लहान. पेटीत तीन वह्या होत्या. वडील गेले, अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून त्या तिथेच होत्या. मंडळाच्या कार्यक्रमांत आम्ही "आपला वारसा जपा" म्हणून ओरडत होतो आणि वारसा आमच्याच डोक्यावर, माळ्यावर कसर खात पडला होता.

भाचीला बोलावले. तिने जमिनीवर चादर अंथरून वह्या उघडल्या. वडिलांचे अक्षर वळणदार, वर गाण्याची चाल, खाली कार्यक्रमाची तारीख, मिळालेली बिदागी. डिसेंबर १९८१ पर्यंत हे अक्षर चालते. मग चार कोरी पाने. आणि पाचव्या पानापासून दुसरेच अक्षर. एकेक अक्षर दुसऱ्यापासून फटकून उभे. शिरोरेघ नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही.

"मामा, हे कोणाचं?"

आम्हाला ठाऊक नव्हते. आक्का चहा घेऊन आली, तिने वाकून पाहिले आणि कप तसाच हातात धरून उभी राहिली. "आईचं," ती म्हणाली.

आई शाळेत गेलेली नव्हती. अंबरनाथला आल्यावर विहारात रात्रीचा वर्ग चालायचा, तिथे ती बाराखडी शिकली, एवढे आम्हाला माहीत होते. पुढचे आक्काने सांगितले. आक्का तेव्हा बारा वर्षांची. वर्गातून आल्यावर आई तिला वडिलांच्या वहीतले गाणे एकेक शब्द तोडून वाचायला सांगायची आणि स्वतः लिहून घ्यायची. संपामुळे पार्टी बंद पडली होती, वडील गाण्याचे नाव काढीत नव्हते. आई ती गाणी गायची नाही, लिहायची. पंधराएक पानांनंतर शिरोरेघ येते. तिसाव्या पानाशी जोडाक्षरे धड होतात. एके ठिकाणी आईने वडिलांच्या वहीतला एक शब्द बदलला आहे. चुकून की जाणून, ते आक्कालाही सांगता येईना.

भाची म्हणाली, "हा माझा प्रश्न आहे."

पुढचे चार महिने तिने वह्या शोधल्या. टिटवाळा, शहाड, उल्हासनगर, चेंबूर. सदतीस वह्या पाहिल्या, मोबाइलवर पानापानाचे फोटो घेतले, वह्या मालकांना परत केल्या. त्यांतल्या नऊ वह्यांत बायकांचे अक्षर सापडले. आक्काला समोर बसवून तिने दोन तास ध्वनिमुद्रण केले. आपल्या बोलण्याची कोणी नोंद घेते आहे, हे पाहून आक्का आधी लाजली आणि मग थांबेना.

दुसरा प्रस्ताव तिचा तिनेच लिहिला. पहिल्याच परिच्छेदात आईची वही आणि लगेच प्रश्न: गाणी उतरवून घेता घेता आपल्या बायका लिहायला शिकल्या का, आणि लिहिताना त्यांनी गाण्यात काय बदलले? मग या विषयावर आधी कोणी काय केले ते. आंबेडकरी जलशांविषयी स्वतः जलसाकार भीमराव कर्डक यांनी लिहून ठेवले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडीच्या बायांच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. या सगळ्यांचे ऋण मानून तिने पुढे लिहिले, की गाणे आणि मुलाखत यांचा अभ्यास झाला, पण वहीचा, म्हणजे कागदावरच्या हाताचा, तिला अजून कुठे आढळला नाही. मग साहित्य कोणते हाती आहे, महिन्याच्या हिशेबाने काय करणार, पुस्तकाची प्रकरणे कोणती. जे होणार नाही तेही लिहिले: चाली आपल्याला स्वरलिपीत मांडता येत नाहीत, तो भाग या कामात नाही. हे वाक्य आम्ही काढायला सांगितले असते. तिने ठेवले.

एक रकाना होता, तुम्हाला निवासी फेलोशिपच का हवी. तिथे तिने तीन ओळी लिहिल्या. घरी दोन खोल्यांत पाच माणसे आहेत, सदतीस वह्यांची पाने शेजारी शेजारी मांडून बघता येईल असे टेबल नाही. महाविद्यालयात तासिकेवरच्या शिक्षकाला स्वतःची खुर्ची नाही. काम रात्री अकरानंतर स्वयंपाकघरात होते. एवढेच. आम्ही ते वाचले तेव्हा रामजीबाबांची आठवण झाली. पण ती अर्जात घालू या, असे मात्र म्हणालो नाही.

हे लिहिताना आमच्या मनात चांगदेव खैरमोडे यांचा विचार येतो. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र लिहायला घेतले. पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेब हयात असताना निघाला, आणि बारा खंडांतले काही तर ते गेल्यावर, द्वारकाबाईंच्या खटपटीने. त्यांना कोणी वर्षभराची खोली दिली असती तर? आपली पुस्तके आजवर अशीच झाली, झोपेतून आणि रजेतून तास चोरून. त्याचे कौतुक आम्हीही पुष्कळ केले आहे. पण भाचीच्या डोळ्यांखालची वर्तुळे पाहिली की त्या कौतुकाची लाज वाटते.

आमच्या वाट्याला या वेळी आमचे खरे काम आले. जोडपत्रे लावणे, प्रमाणपत्रांवरचे नाव आणि अर्जावरचे नाव एकच आहे ना ते पाहणे. लग्नाआधीचे आणि नंतरचे आडनाव असा घोळ होताच, त्याचे राजपत्र जोडले. अर्ज इंटरनेटवरून भरायचा होता. मुदतीच्या आठ दिवस आधी भरला, कारण शेवटच्या रात्री यंत्रणा बंद पडून लोक रडताना आम्ही पाहिले आहेत. पोचपावतीच्या दोन प्रती काढल्या. एक तिच्याकडे, एक आमच्या फायलीत. तारीख २१ नोव्हेंबर २०२५.

ही ओळ लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. नकार आला तर पुढच्या वर्षी पुन्हा, हे ठरले आहे, आणि तोवर तिची अकरानंतरची पाळी चालूच आहे. तिच्या मुलाने आम्हाला विचारले, "आजोबा, आईला तिकडे बर्फ मिळेल का?" आम्ही म्हणालो, "आधी खोली मिळू दे."

गेल्या रविवारी टिटवाळ्याला गेलो होतो. विहीणबाई दारात बसल्या होत्या, मांडीवर जुन्या लुगड्यांचा ढीग, हातात सुईदोरा. वर्षभर त्या या विषयावर एक शब्द बोललेल्या नाहीत. आम्ही जयभीम घातला. त्यांनी वर न बघता विचारले, "तिथं थंडी लई असती म्हणं?"

"असते," आम्ही म्हणालो.

"मग तीन पदरी पायजे," त्या म्हणाल्या आणि गोधडीचा तिसरा पदर अंथरू लागल्या.